आठचा आकडा आणि उदगीरचा रस्ता

दुचाकीचा परवाना काढायला गेलेल्या पोराला मैदानावर आठचा आकडा काढायला लावतात. पाय टेकला तर नापास, नाही टेकला तर पास. जळकोट-उदगीर पट्ट्यातली बरीच पोरं या परीक्षेला येण्याआधी दोन-तीन वर्षं गाडी हाणत असतात. त्यांना आठ डोळे झाकून येतो आणि खरी अडचण तिथेच आहे. या परीक्षेत हाताचा आणि तोलाचा कस लागतो, डोळ्यांचा लागत नाही. समोर दिसतंय त्यावरून पुढच्या चार सेकंदांत काय घडेल हे हेरणं, आणि हेरून वेळेत गॅस सोडणं, हे निराळं कसब आहे. ते शिकवता येतं का, यावर जगात पन्नासेक वर्षं संशोधन चाललं आहे. त्यातलं काय आपल्या रस्त्यावर चालेल आणि काय चालणार नाही, ते इथे तपासायचं आहे.

जळकोट हा लातूर जिल्ह्यातला, नांदेडला खेटलेला डोंगरी तालुका. नांदेडहून उदगीर-बिदरकडे जाणारा रस्ता त्यातून जातो. (तुळजापूर तालुक्यातही, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, एक जळकोट आहे, ते हे नव्हे.) घोणसी, अतनूर, माळहिप्परगा अशा गावांतली मुलं शिकायला जळकोट-उदगीरला येतात. एसटीच्या वेळा क्लासच्या वेळांशी जुळतीलच असं नाही. त्यामुळे दारात मोटारसायकल आली की ती वडिलांइतकीच पोराची होते. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गिअरच्या मोटारसायकलला वय १८ लागतं. सोळाव्या वर्षी चालते ती फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी, आणि तसली गाडी आता शोरूममध्ये शोधावी लागेल. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९-अ तर पालकालाच जबाबदार धरतं: २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. कलम कडक आहे. पण पोराच्या हातात गाडीची किल्ली देणाऱ्या बापाला ते ऐकून माहीत असेल, असं मला वाटत नाही.

हा रस्ता वर्षभर सारखा राहत नाही, हे त्यावरून रोज जाणाऱ्याला सांगावं लागत नाही. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की डांबराची एक बाजू खळ्याची होते. रास पसरलेली, कडेला दगड मांडलेले. दिवसा दिसतात. संध्याकाळी रास उचलली जाते आणि दगड तिथेच राहतात. दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर धुळीने आणि पाचटाने झाकलेला. पावसाळ्यात नळकांडी पुलांवरून पाणी. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड-उदगीर भागात झालेल्या अतिवृष्टीने ते पाणी काय करू शकतं हे दाखवून दिलं. आठवडी बाजाराच्या दिवशी टमटम कुठेही थांबते, आणि पांढरे पट्टे नसलेला गतिरोधक चाकाखाली आल्यावरच कळतो. आणि बारा महिने असते ती थांब्यावर उभी राहिलेली एसटी. तिच्या नाकासमोरून दप्तर पाठीला लावलेलं पोर पळत रस्ता ओलांडणार, हे ज्याच्या आधी लक्षात येतं त्याचा हात गॅसवरून आपोआप सैल होतो. ज्याच्या लक्षात येत नाही त्याला पोर दिसतं तेव्हा फक्त ब्रेक उरलेला असतो.

यामागचं गणित साधं आहे. ताशी ६० किलोमीटरने चाललेली गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. धोका दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर संपले. त्यापुढे, ब्रेक चांगले आणि रस्ता कोरडा असला तरी, थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. म्हणजे एकूण पन्नासेक मीटर. डिपरवर असलेल्या मोटारसायकलच्या दिव्यात बिनदिव्याची ट्रॉली पन्नास मीटरवरून नीट दिसेलच, याची खात्री कोणी देणार नाही. तिथे ब्रेक कितीही पटकन दाबला तरी उपयोग नाही. हा उसाचा हंगाम आहे, कारखान्याचा रस्ता आहे, अंधार पडला आहे, तेव्हा पुढे ट्रॉली असणारच, हे दिसण्याआधी मनात आलेलं असावं लागतं. दोन सेकंद आधी सुचलं तर ३३ मीटर हाताशी येतात.

आपल्याकडच्या नोंदींमध्ये मात्र या दोन सेकंदांना जागा नाही. अपघाताच्या फिर्यादीत वर्षानुवर्षं एकच वाक्य येतं: आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून. भारतीय दंड संहितेचं कलम २७९ जाऊन १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं २८१ आलं, पण फिर्यादीची भाषा बदलली नाही. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात ४,६१,३१२ अपघात झाले, १,६८,४९१ माणसं गेली. त्यात महाराष्ट्रातली १५,२२४. मेलेल्यांत सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे, आणि दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातले. मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या खात्यावर टाकलेले आहेत. वेग हे कारण खोटं नाही. पण चालकाने ती गोष्ट पाहिली केव्हा, पाहून काय केलं, की पाहिलीच नाही, हे त्या रकान्यातून कळत नाही. त्याच अहवालात मागून धडक बसून झालेले अपघात २१ टक्क्यांच्या वर आहेत. मागून धडक म्हणजे पुढचं वाहन सगळा वेळ समोरच होतं.

मराठवाड्याने रस्त्यावर गमावलेली दोन मोठी माणसं इथे आठवतात. गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ ला दिल्लीत चौक ओलांडताना आडव्या आलेल्या मोटारीच्या धडकेने गेले. विनायक मेटे १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर. दोन्ही वेळा घातपाताची चर्चा झाली, चौकशीच्या मागण्या झाल्या. पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर चौक कसा ओलांडावा, पुढच्या ट्रकपासून किती अंतर ठेवावं, याची चर्चा कोणी केली नाही. आपल्याला अपघातात कोणीतरी दोषी लागतो. तो कसा घडला, यात आपल्याला फारसा रस नसतो.

संशोधनाची सुरुवात नजरेपासून झाली. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत मुरंट आणि रॉकवेल यांनी नव्या आणि मुरलेल्या चालकांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. नवे चालक गाडीच्या अगदी पुढ्यातल्या रस्त्याकडे पाहत होते आणि आरशांकडे कमी. मुरलेल्यांची नजर लांब जायची, दोन्ही बाजूंना फिरायची. पुढे ब्रिटनमध्ये अंडरवुड, क्रंडल, मॅकेना अशा मंडळींनी हे पुन्हा पुन्हा तपासलं. नव्या चालकाची दृष्टी अधू नसते, उलट तरुण डोळे अधिक तीक्ष्ण असतात. पण कुठे पाहायचं हे त्यांना ठाऊक नसतं. उभ्या एसटीकडे तो उभी एसटी म्हणूनच पाहतो. जुना चालक तिच्या खालून पाय दिसतात का ते पाहतो.

यातून परीक्षा निघाली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९९६ मध्ये परवान्यासाठी धोका ओळखण्याची चाचणी आणली, ब्रिटनने नोव्हेंबर २००२ मध्ये. ब्रिटनमध्ये उमेदवाराला रस्त्याच्या १४ चित्रफिती दाखवतात. त्यांत १५ धोके आकार घेत असतात. धोका जितका लवकर हेरून बटण दाबाल तितके जास्त गुण, एका धोक्याला जास्तीत जास्त पाच. मोटारीसाठी ७५ पैकी ४४ मिळाले की उत्तीर्ण. नुसतंच टकटक बटण दाबत राहिलं तर त्या फितीला शून्य, म्हणजे आपल्याकडच्या डोकेबाज उमेदवाराचा विचारही त्यांनी करून ठेवला आहे. नेदरलँड्सने २००९ मध्ये याहून सोपा मार्ग काढला. पडद्यावर २५ छायाचित्रं, प्रत्येकाला काही सेकंद, आणि तीनच पर्याय: ब्रेक मारणार, गॅस सोडणार, की काहीच करणार नाही. मला हे तीन पर्याय फार शहाणपणाचे वाटतात, कारण रस्त्यावर चालकाच्या हातात खरोखर एवढंच असतं.

याने अपघात कमी होतात का? थोडे होतात, असं उत्तर आहे. ब्रिटनमध्ये हजारो नव्या चालकांचा मागोवा घेणारा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणी सुरू झाल्यावर काही प्रकारच्या अपघातांत सुमारे ११ टक्के घट त्यात दिसली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये हॉर्सविल आणि सहकाऱ्यांना २०१५ मध्ये आढळलं की चाचणीत नापास झालेल्यांचे पुढच्या वर्षातले, त्यांच्या स्वतःच्या चालवण्याशी जोडता येणारे अपघात पास झालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात डोनाल्ड फिशर यांच्या गटाने संगणकावरचं छोटं प्रशिक्षण तयार केलं. रस्ता वरून दिसतो अशा आराखड्यावर, माणूस कुठे लपलेला असू शकतो ते मुलांनी दाखवायचं. झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे उभा ट्रक हा त्यातला गाजलेला प्रसंग, म्हणजे आपली थांब्यावरची एसटीच. कॅलिफोर्नियात पाच हजारांहून अधिक तरुण चालकांवर ते आजमावलं, तेव्हा मुलांच्या अपघातांत पाव हिश्श्याच्या आसपास घट दिसली. मुलींच्या अपघातांत फरक पडला नाही. असं का, याचं समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. चमत्काराची अपेक्षा ठेवणाऱ्याला हे आकडे किरकोळ वाटतील. पण तासाभराच्या आत होणाऱ्या, पेट्रोल न जाळणाऱ्या शिकवणीचे हे आकडे आहेत.

याच्या उलट, गाडीवर हुकमत वाढवण्याच्या शिकवणीचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. नॉर्वेने १९७९ पासून नव्या चालकांना घसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं शिक्षण सक्तीचं केलं. पुढे आल्फ ग्लाड यांनी हिशेब मांडला तर तरुण पुरुषांचे घसरण्याचे अपघात वाढलेले निघाले. घसरलो तर सावरू असा भरवसा आला आणि घसरणाऱ्या जागी वेग कमी करायचं कारण उरलं नाही. कट मारण्यात पटाईत पोराचं आपण चारचौघांत कौतुक करतो, तेव्हा आपण नॉर्वेचीच चूक फुकटात करत असतो.

भारतीय कायद्याला हे सगळं ठाऊकच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १५ मध्ये परवान्याच्या चाचणीत काय पाहावं याची लांबलचक यादी आहे. पादचारी आणि इतर चालक काय करतील याचा अंदाज घेऊन टक्कर टाळणं आणि रस्त्याच्या स्थितीप्रमाणे वेग राखणं, हे दोन्ही त्यात आहे. नियम ३१ ने ड्रायव्हिंग स्कूलसाठी आखलेल्या अभ्यासक्रमातही अंदाज, निर्णय आणि रस्त्यावरची आपली जागा हे विषय आहेत. कागद उत्तम आहे. पण रिकाम्या मैदानावर कोणाचा अंदाज घ्यायचा? तिथे पादचारी नाही, दुसरं वाहन नाही. निरीक्षकाला एका दिवसात रांग संपवायची असते आणि आठचा आकडा काही मिनिटांत उरकतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही आठच काढायला लावला असता.

शिकाऊ परवान्याची लेखी परीक्षा चिन्हांची. गोल पाटी म्हणजे काय, त्रिकोणी म्हणजे काय. ६० टक्के उत्तरं बरोबर आली की झालं. जून २०२१ पासून महाराष्ट्रात ती आधारच्या आधारे घरबसल्या देता येते, आणि त्याआधी रस्ता सुरक्षेची चित्रफीत पाहावी लागते. फीत चालू ठेवून चहा प्यायला कोणाची हरकत नसते. परीक्षा भलत्यानेच दिल्याचे प्रकारही लवकरच बाहेर आले. याहून मोठी फट मात्र कोणाच्या डोळ्यांत येत नाही. मोटार शिकणाऱ्याच्या शेजारी परवानाधारक शिकवणारा बसणं बंधनकारक आहे. मोटारसायकल शिकणारा मात्र एकटाच रस्त्यावर येतो. ज्या वाहनावर सर्वाधिक माणसं मरतात, त्यावर ‘ते बघ, ते आडवं येईल’ असं म्हणणारं शेजारी कोणी नसतं. जगातलं बहुतेक संशोधनही मोटारीच्या काचेआडून रस्ता पाहणाऱ्यांवर झालं आहे. दुचाकीस्वाराला वाळू, डांबरावरचं तेल आणि खड्ड्यातलं पाणीही वाचावं लागतं. मोटारवाला ते ओलांडून जातो.

मग ब्रिटनच्या चित्रफिती आणून मराठीत सूचना लिहिल्या की काम झालं? नाही, आणि याचा पुरावा मलेशियातून येतो. लिम, शेपर्ड आणि क्रंडल यांनी २०१३ मध्ये मलेशियन आणि ब्रिटिश चालकांना दोन्ही देशांच्या फिती दाखवल्या. मलेशियन चालकांनी बटण कमी वेळा दाबलं. पण डोळ्यांची नोंद पाहिली तर धोक्यावर नजर त्यांचीही तितक्याच लवकर गेलेली होती. त्यांना तो दिसला होता, फक्त बटण दाबण्याएवढा मोठा वाटला नव्हता. गजबजलेल्या रस्त्यावर वाढलेल्या माणसाचा धोक्याचा उंबरठा उंच होतो. आपल्याकडे तर विचारूच नका. उलट दिशेने येणारा ट्रॅक्टर, ट्रिपल सीट, रस्त्यात रवंथ करणारी म्हैस, यांतलं प्रत्येक जर धोका म्हटलं तर जळकोटच्या पोराला जळकोटातून बाहेर पडेपर्यंत बटणावरून बोट उचलता येणार नाही. परीक्षाच निकामी होईल.

त्याच मंडळींनी पुढच्या वर्षी प्रश्न बदलला. धोका दिसताच बटण दाबा असं न सांगता, प्रसंग आकार घेत असतानाच फीत थांबवायची, पडदा काळा करायचा आणि विचारायचं: आता पुढे काय होईल? या प्रश्नाने दोन्ही देशांतले नवखे आणि मुरलेले चालक वेगळे काढता आले. चीन, स्पेन आणि ब्रिटन यांची तुलना करणाऱ्या २०१९ च्या अभ्यासातही हीच पद्धत सरस ठरली. मला या सगळ्या वाङ्मयात आपल्या कामाचं जर काही एक वाटत असेल तर ते हे. उंबरठा कितीही उंच असो, पुढे काय होणार याचं उत्तर एक तर येतं किंवा येत नाही.

यासाठी लागणारं साहित्य गावात आहे. एसटीच्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरून किंवा मोटारीच्या काचेला लावलेल्या मोबाइलवरून जळकोट-उदगीर रस्त्याचं चित्रीकरण केलं, सोयाबीनच्या दिवसांत एकदा, उसाच्या हंगामात रात्री एकदा, बाजाराच्या दिवशी एकदा, की पन्नास-साठ प्रसंग सहज निघतील. उत्तरं ठरवायला मुरलेले चालकही आहेत. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा केलेल्या चालकांचा एसटी महामंडळ सत्कार करतं. शाल-श्रीफळ, टाळ्या, फोटो. त्यांना काय दिसतं हे मात्र त्यांना कोणी विचारत नाही. त्यांच्यापुढे फीत थांबवून ‘मामा, आता काय होईल?’ असं विचारलं तर जे उत्तर येईल तोच धडा. ब्रिटिश पोलिसांच्या चालक-प्रशिक्षणात जे दिसेल ते गाडी चालवता चालवता मोठ्याने बोलत जायची जुनी रीत आहे. पुढे सिम्युलेटरवर तपासलं तेव्हा ती शिकणाऱ्यांनाही उपयोगी ठरली. आपला बोलका ड्रायव्हर ते शिकवल्याशिवाय करतो. फक्त त्यात शिव्या जरा जास्त असतात. जपानमध्ये कारखान्यांतून सुरू झालेली धोक्याचा अंदाज घेण्याची चित्र-पद्धत होंडाने दुचाकीस्वारांसाठी वापरली आणि भारतातल्या आपल्या प्रशिक्षण उद्यानांतही आणली. अशी उद्यानं मोठ्या शहरांत असतात. चित्रं मात्र जळकोटच्या वर्गातल्या भिंतीवरही लागू शकतात.

दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येतं. हेल्मेट रॅली, घोषवाक्यं, निबंध, चित्रकला. पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे अल्पवयीन मुलाने चालवलेल्या पोर्शेने दोघांचा जीव घेतला, त्यानंतर बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं आणि सगळा महाराष्ट्र संतापला. त्या निबंधावर रागावताना शाळा-कॉलेजांत आपण वर्षानुवर्षं तेच करून घेतो, हे कोणाच्या मनात आलं नाही. निबंधातला मुलगा वेगमर्यादा पाळा असं लिहितो आणि घरी जाताना ऐंशीने जातो. त्या एका तासात निबंधाऐवजी दहा फिती दाखवल्या तर निदान थांब्यावरची एसटी त्याला वेगळी दिसेल.

याच्या मर्यादा उघड आहेत. धोका ओळखता येणं आणि धोका न पत्करणं या दोन गोष्टी आहेत. मागे मित्र बसलेला असताना पहिली असूनही दुसरी सहज हरते. पट्टे नसलेला गतिरोधक आणि दिवा नसलेली ट्रॉली यांचं ओझं सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या नजरेवर टाकणं हेही सरकारी खात्यांना सोयीचं आहे, आणि म्हणून त्याबद्दल सावध राहायला हवं. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावायला कोणत्याही संशोधनाची गरज नाही. शिवाय परवान्याआधीच रस्त्यावर असलेल्या मुलांना शिकवायचं म्हणजे शाळेने कायदाभंगाला मान्यता दिली असं होईल, अशी भीती एखाद्या मुख्याध्यापकांना वाटली तर ती अगदीच चुकीची नाही. मागे बसणाऱ्यालाही, सायकलवाल्यालाही हे शिकवता येतं, म्हणून आठवी-नववीपासून सुरू करावं, हा त्यावरचा एक मार्ग.

केंद्राने जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नवे नियम लागू केले. हलक्या मोटारीसाठी चार आठवड्यांत २९ तास, त्यांपैकी आठ तास वर्गातले. सिम्युलेटर हवा, चाचणीचा मार्ग हवा, आणि दुचाकी-मोटारीच्या केंद्रालाही किमान एक एकर जागा हवी. तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चाचणी माफ. जुन्या ड्रायव्हिंग स्कूलच्या २१ दिवस आणि दहा तासांपेक्षा हे बरंच पुढचं पाऊल आहे. पण जळकोटसारख्या तालुक्यात असं केंद्र उभारणं कोणाला परवडेल? आणि उभं राहिलं तरी तिथे मोटार शिकणारे येतील, मोटारसायकलवाला येणार नाही, कारण तो आधीच शिकलेला आहे. त्याची गाठ पडते ती फक्त एकदाच, शिकाऊ परवान्याच्या संगणकापुढे. चिन्हांच्या प्रश्नांतले पाच कमी करून तिथे पाच थांबवलेल्या फिती घालायच्या झाल्या तर त्याला एकर लागत नाही. नियमात बदल लागेल, आणि तो दिल्लीत होतो.